आधी सांगा, जाळी केवढी आहे?

थंडी पडली की माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा वासच बदलतो बघा. दिवाळीपर्यंत चकली का तुटते आणि अनारसा का हसला हे चालतं, आणि डिसेंबर लागला की अंगण, सिगडी, कोळसा, किती माणसांना किती किलो. यावेळी तर असे इतके प्रश्न आलेत की बाकी सगळे बाजूला ठेवून हेच घेतेय. लोणच्याला बुरशी आलेल्या आपल्या इंदुरातल्याच राजेंद्रनगरच्या काकूंनी रागावू नये, पुढच्या वेळी पहिला नंबर तुमचा.

प्रश्न : ताई नमस्कार. मुलगा पुण्याहून सुट्टीवर आलाय आणि आल्या आल्या त्याने ऑनलाइन बार्बेक्यूचा डबा मागवला. येत्या शनिवारी मागच्या अंगणात पार्टी ठरलीय, ३० माणसं. त्यात ६ मुलं, उरलेल्या २४ मोठ्यांपैकी १० शाकाहारी. सासूबाई म्हणतायत सगळं दुप्पट आण, कमी पडलं तर नाक कापलं जाईल, आणि मुलगा म्हणतो आई पाच किलो चिकन आण, बास, बाकी काही लागत नाही. मी मधल्यामध्ये लटकलेय. चिकन किती, पनीर किती, भात-बित करायचा का, कोळसा किती, काहीच अंदाज नाही. नीट आकडे सांगा ना. (सुदामानगर)

उत्तर : अगं, माणसं किती, व्हेज किती, मुलं किती सगळं लिहिलंस, आणि जे पहिलं लिहायचं तेच राहिलं. त्या डब्याची जाळी केवढी आहे?

हसू नकोस. लग्नाच्या पंगतीत आपण माणशी हिशोब करतो कारण तिथे अन्न आधी शिजलेलं असतं आणि मग माणसं बसतात. इथे उलटं असतं, माणसं आधी येऊन उभी राहतात आणि अन्न डोळ्यांसमोर हळूहळू होतं. तू दहा किलो चिकन आणलंस तरी तासाला जेवढं जाळीवर मावेल तेवढंच ताटात पडणार, बाकीचं आत फ्रीजमध्ये पडून राहणार आणि बाहेर लोक रिकाम्या प्लेटी घेऊन धुराकडे बघत बसणार. सासूबाईंचं दुप्पट इथे उपयोगाचं नाही, आणि मुलाचं नुसतं चिकनही नाही.

आता बघ, साधारण घरगुती डबा असतो त्याची जाळी दोन फूट बाय सव्वा फूट वगैरे धरू. त्यावर ८ सळया आडव्या राहतात, एका सळईला ५ तुकडे, म्हणजे एका घाण्याला ४० तुकडे. (घाणा तळणाचा असतो हे मला माहितीये, पण दुसरा शब्द मला सुचत नाही आणि तुला कळलंय ना, मग झालं.) बोनलेस टिक्का व्हायला १२ ते १५ मिनिटं, वर लावणं-काढणं-मस्का फिरवणं धरून वीसच मिनिटं धर. म्हणजे तासाला तीन घाणे, १२० तुकडे. ३० माणसांत वाटले तर माणशी चार. भुकेल्या माणसाला एका तासात चार तुकडे! आता कळलं का मी जाळी का विचारतेय ते.

तर यावर उपाय दोन. शेजारून अजून एक सिगडी माग, नाहीतर लोखंडी तगारीत कोळसे घालून वर जाळी टाक, आमच्याकडे वर्षानुवर्षं तगारीच चाललीय आणि त्या ऑनलाइनवाल्या डब्यापेक्षा धग जास्त चांगली देते. आणि दुसरं म्हणजे पोट भरण्याचं काम जाळीवर टाकायचंच नाही, जाळीवर फक्त चवीचं काम. पोट भरेल पावाने आणि भाताने.

बरं आता आकडे, कागद घे. चिकन बोनलेस, कच्चं वजन, खाणाऱ्या मोठ्या माणसाला २०० ग्रॅम धर. भाजल्यावर पाव हिस्सा तरी आटतं म्हणून हातात दीडशेच येतं. तुझे १४ जण, म्हणजे २ किलो ८००, मुलांतली चार तरी खातील, त्यांना १०० ग्रॅमच्या हिशोबाने ४००, मिळून ३ किलो २००, तू साडेतीन किलो आण आणि विषय संपव. किलोत साधारण ३० तुकडे पडतात, म्हणजे शंभराच्या वर तुकडे झाले. त्यातलं अर्धा किलो मुलांसाठी बिनतिखटाचं मलईचं ठेव. तंगडीच्या फंदात मात्र पडू नकोस. फोटोत छान दिसते पण हाडाशी शिजायला अर्धा तास घेते आणि तेवढा वेळ जाळी अडवून बसते, वरून काळी आणि आतून लाल असा प्रकार निम्म्या घरांत होतो. करायचीच असेल तर कुकरला न लावता पातेल्यात झाकण ठेवून अर्धीकच्ची वाफवून घे आणि लगेच जाळीवर टाक, वाफवून ठेवून देऊ नकोस.

पनीरचं मी जरा जास्त बोलणार आहे कारण तिथेच सगळे फसतात, मीही फसलेय. आमच्या अंगणातली पहिली पार्टी, २५ माणसं, त्यातले ७ शाकाहारी, मी आपलं साधं गणित केलं, ७ माणसांना एक किलो पनीर म्हणजे भरपूर. आणि झालं काय, जाळीभोवती जे कोंडाळं करून उभे होते ते सगळे चिकनवाले, चिकन व्हायला वेळ लागतोय म्हणून ते पनीर उचलून खात राहिले, वीस मिनिटांत किलोभर पनीर साफ. आमच्या आत्याबाई, माळकरी, कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेल्या, त्यांच्यापर्यंत प्लेट पोचली तेव्हा त्यात कांद्याच्या तीन चकत्या, लिंबाची एक फोड आणि पनीर जिथे होतं तिथे नुसता लाल मसाल्याचा डाग. त्या काही बोलल्या नाहीत, पाव-चटणी खाऊन उठल्या. पण आजही कुठलं कार्य निघालं की विचारतात, "पनीर पुरेल ना गं?"

तर गणित असं की चिकन खाणारा माणूस पनीरही खातो, पण पनीर खाणारा चिकनला हात लावत नाही. म्हणून शाकाहारी १० जणांना १२० ग्रॅमने १ किलो २००, वर १४ चिकनवाल्यांना ५० ग्रॅमने ७००, मुलांना ३००, झालं २ किलो २००. किलोचे साधारण ४० चौकोन पाडायचे, त्यापेक्षा लहान केले तर सळईवर फुटतात. आणि पहिला घाणा निघाला की शाकाहारी मंडळींची प्लेट आधी भरून आत नेऊन द्यायची, मगच बाकीच्यांना.

भाज्या म्हणजे सिमला मिरची, कांदा, मशरूम, आणि छोटे बटाटे अर्धे उकडून, सगळं मिळून २ ते अडीच किलो. कणसं १५, अर्धी अर्धी तोडून, ती जाळीवर ठेवूच नकोस, सरळ कोळशाच्या कडेला लाव, वर जीरावण (आपला पोह्यांवर टाकायचा इंदुरी मसाला) आणि लिंबू. हिवाळ्यात आपले देशी भुट्टे नसतात, स्वीट कॉर्न मिळेल, चोइथराम मंडीत बघ. हे सगळं जोडलंस तर चिकन शंभर, पनीर नव्वदीला, भाज्यांचे ऐंशी, म्हणजे २७०-२८० तुकडे, ४० च्या हिशोबाने सात घाणे, वीस मिनिटांनी सव्वादोन तास. साडेसातला सुरू केलं तर पावणेदहाला आटपतं. बसलं की नाही गणित!

मॅरिनेशनला किलोमागे २०० ग्रॅम चक्का लागतो, पाणचट दही नको, मसाला गळून कोळशावर पडतो आणि नुसता धूर. अडीच किलो दही रात्रभर फडक्यात टांगलंस की काम होईल. पाव माणशी दोन, ५ डझन. भात फक्त माणशी ६० ग्रॅम तांदूळ, म्हणजे पावणेदोन-दोन किलोचा साधा मटार पुलाव, एरवी जेवणाला १०० ग्रॅम धरतो ते इथे धरू नकोस, उरतो. हिरवी चटणी एक किलोभर, कांदे दीड किलो, लिंबं दोन डझन, मस्का पाव किलो. गोड एकच ठेव, गाजर हलवा माणशी ७०-८० ग्रॅम, थंडीत तोच शोभतो. आणि लोक आल्या आल्या, जाळी तापायच्या आधी, तळलेले गराडू, म्हणजे आपला हिवाळ्यातला कंद, समोर ठेव. दोन किलो गराडू पुरेत, सोलून वाफवून ठेवायचे आणि लोक आले की पुन्हा कडकडीत तळायचे. सोलताना हाताला तेल लाव, नाहीतर खाजवत बसशील.

कोळसा. लाकडी कोळसा ताशी दीड ते दोन किलो जातो अशा जाळीला, तू ८ किलो आण, उरला तर सडत नाही. पण महत्त्वाची गोष्ट ही की साडेसातला पहिला तुकडा हवा असेल तर पावणेसातला पेटवायचा. वरून पांढरी राख धरली की मगच तयार, तोवर ज्वाळा दिसतात त्या फक्त मिशा जाळायच्या कामाच्या. रॉकेल-पेट्रोल अजिबात नको, वास चिकनला लागतो आणि भडका उडतो तो वेगळा, देवघरातला कापूर घे चार-पाच वड्या, मस्त पेटतं. आणि एक ऐक, जानेवारीत रात्री पारा ८-१० वर येतो, मग कुणीतरी शहाणा म्हणतो सिगडी आत घेऊया शेकायला. नाही म्हणजे नाही. बंद खोलीत कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपेतच जातो. शाली आणायला सांग सगळ्यांना.

प्रश्न : आमच्याकडे २५ मोठी माणसं येणार आहेत, खाण्याचं कॅटररला दिलंय, पिण्याचं माझ्याकडे आहे. कोल्ड्रिंक, पाणी, बर्फ आणि जे "ते" असतं ते, किती आणायचं? मागच्या वेळी बर्फ नवाला संपला आणि कोल्ड्रिंकच्या अकरा बाटल्या उरल्या, त्या बायकोने होळीपर्यंत दाखवल्या. (स्कीम नंबर ७८)

उत्तर : भाऊ, बायकोचं बरोबर आहे.

कुठल्याही पार्टीत पहिल्या तासाला माणशी दोन ग्लास जातात, नंतर दर तासाला एक. ग्लास २०० मिलीचा. तुमचे तीन तास धरले तर माणशी ४ ग्लास, २५ जणांचे १०० ग्लास, २० लिटर. हे सगळं मिळून, पाणी सोडून. पाण्याचा २० लिटरचा एक जार वेगळा, भाजलेलं तिखट खाल्लं की पाणी लागतंच, आणि हात धुवायचं पाणी यात धरू नका हो.

आता या २० लिटरमध्ये सगळं कोल्ड्रिंक आणलंत म्हणून अकरा बाटल्या उरल्या. थंडीत निम्मे लोक गार पीत नाहीत, घसा धरतो. सव्वादोन लिटरच्या बाटलीत ११ ग्लास निघतात, अशा ४ बाटल्या पुरे, दोन काळ्या, दोन लिंबाच्या. मसाल्याचं ताक ५ लिटर, त्याला दीड किलो दही लागतं, तिप्पट-साडेतीनपट होतं. बाकी लिंबू सरबत, ग्लासाला एक लिंबू. आणि नऊच्या पुढे गरम काहीतरी ठेवा, टोमॅटो सार किंवा आल्याचा चहा, ३० कप, ते संपेल आणि तुमचं नाव होईल.

एक सांगते, आपली इंदूरची शिकंजी वेलकम ड्रिंक म्हणून ठेवू नका. बाहेरच्यांना वाटतं शिकंजी म्हणजे लिंबूपाणी, आपल्याकडे ती आटवलेलं दूध, दही, केशर, सुकामेवा, चमच्याने खायची वस्तू. आमच्या ओळखीच्या एका घरी हौसेने दारातच दिली, मोठे ग्लास भरून. पुढे दोन तास लोक जाळीकडे बघून "अरे वा" म्हणत होते आणि खात कुणी नव्हतं, साडेतीन किलो पनीर दुसऱ्या दिवशी गल्लीत वाटलं. द्यायचीच तर शेवटी, लहान वाटीत, गोडाच्या ऐवजी.

आता "ते". आधी मोजा की खरंच घेणारे किती, २५ मधले दहाच असतात बऱ्याचदा. ७५० मिलीच्या बाटलीत ६० मिलीचे १२ पेग बसतात, ३० चे २५. व्हिस्कीवाले सहा, माणशी तीन मोठे, १८ पेग, म्हणजे दीड बाटली, दोन आणा. बिअरवाले चार, ६५० मिलीच्या माणशी दोन, आठ बाटल्या. सोडा पेगला दीडशे मिली, पावणेतीन लिटर झाला, ६०० मिलीच्या पाच बाटल्या. बडोद्याचे मेहुणे येणार असतील तर मात्र अंदाज वाढवा, गुजरातेत १९६० पासून दारूबंदी आहे आणि ती मंडळी रतलाम ओलांडलं की मोकळी होतात, हे मी बडोद्याच्याच भावजयीकडून ऐकलंय. आणि गंमत सोडा, आपल्याकडेही घरी किती बाटल्या ठेवायच्या याला मर्यादा आहे, पार्टीसाठी आबकारी खात्याचं एका दिवसाचं लायसन्स मिळतं, ते काढून ठेवा, पाहुण्यांसमोर शोभा नको. आणि परत जाताना गाडी कोण चालवणार ते आधी ठरवायचं, शेवटी नाही.

बर्फ तुमचा का संपला ते मला न बघता माहितीये. बाटल्या गार करायचा आणि ग्लासात टाकायचा बर्फ एकच होता ना? थंडीत माणशी अर्धा किलो पुरतो, १२-१३ किलो, मे महिन्यात हाच दुप्पट धरा. त्यातला ८ किलो फॅक्टरीची लादी, फोडून टबात, त्यात पाणी आणि मूठभर मीठ, अर्ध्या तासात बाटल्या गार. हा बर्फ ग्लासात जायला नको. ग्लासासाठी क्यूबची ४-५ किलोची पाकिटं वेगळी, थर्माकोलच्या पेटीत, आणि त्या पेटीवर एक जबाबदार माणूस बसवा, शक्यतो न पिणारा.

प्रश्न : बाई, हे बार्बेक्यू वगैरे तरुणांना लखलाभ. आम्ही रामबागेतले जुने लोक, बाहेर जाळ करून खायचं म्हणजे आम्हाला दाल-बाफलेच माहीत, पिठाचे गोळे उकळून गोवऱ्यांवर भाजायचे आणि डाळीसोबत खायचे. मार्गशीर्ष संपला की वाड्यातले सगळे मिळून ४० जण जमणार, जुना आचारी आता राहिला नाही, प्रमाण त्याच्या डोक्यात होतं. तेवढं लिहून द्या. (रामबाग, वय वर्षे ७६)

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचून इतकं बरं वाटलं! बार्बेक्यू म्हणजे तरी काय हो, आपल्या गोवऱ्यांचा जाळ आणि त्यांचा कोळसा, एवढाच काय तो फरक.

आणि इथे जाळीची भानगड नाही, सगळे बाफले एकदम होतात, म्हणून माणशी हिशोब चालतो. किलोभर जाड्या पिठाचे २० बाफले, माणशी अडीच, ४० माणसांचे १००, म्हणजे ५ किलो पीठ. बाटीचं म्हणून जे रवाळ दळलेलं मिळतं तेच घ्या, पोळीच्या पिठाचे बाफले म्हणजे दगड. त्यात किलोमागे थोडं मक्याचं पीठ घालतात काही जण, मी मूठभर घालते, खुसखुशीत होतात. ओवा, हळद, मीठ, चिमूटभर सोडा. तूप एकूण किलोमागे ४०० ग्रॅम, म्हणजे २ किलो, त्यातलं पाऊण किलो मोहनात आणि बाकी बुडवायला. तुपात हात आखडायचा असेल तर बाफले करूच नयेत असं माझे सासरे म्हणत, आणि ते स्वतः डायबिटीसवाले होते.

तूरडाळ माणशी ६० ग्रॅम, अडीच किलो. चुरम्याचे लाडू माणशी दीड, ६० लाडू, त्याला वेगळं २ किलो पीठ, ते आदल्या दिवशीच करून टाका. लसणाची चटणी, हिरवी चटणी, कांदा. ताक बास, दुसरं काही पीत नाही कुणी. भात थोडासा, दीड किलो, डाळीसोबत शेवटी मागणारे असतात.

उकळत्या पाण्यात गोळे तरंगून वर आले की अजून थोडा वेळ ठेवून काढायचे, एकूण पंधरा मिनिटं धरा, मग सुती कापडावर नीट कोरडे होऊ द्या. घाई इथेच नडते, ओला गोळा धगीवर ठेवला की राख चिकटते आणि मग पुसत बसा. गोवऱ्या भगभग पेटत असताना ठेवायचे नाहीत, नुसता लाल अंगार आणि वर राख आली की मग, अर्धा तास, फिरवत फिरवत. गोवऱ्या आमच्याकडे दोन तगाऱ्या भरून लागतात एवढ्याला, तुम्ही तीन मागवा, आणि दोन दिवस आधी उन्हात टाका, हिवाळ्यातल्या गोवऱ्या दमट असतात आणि डोळ्यांतून पाणी काढतात. पोटावर ताण देऊ नका काका, आणि दुपारीच ठेवा, बाफले खाऊन रात्री झोप लागते पण पचत नाहीत.

प्रश्न : शेजारचं जैन कुटुंब आणि वरच्या मजल्यावरचे गुरुवारचा उपास करणारे, दोघांना बोलवायचंय. त्यांच्यासाठी किती आणि काय? (टिळकनगर)

उत्तर : आधी वेळ बघ. जानेवारीत इंदुरात सहाच्या आसपास सूर्य मावळतो, आणि जैन मंडळींतले चौविहार पाळणारे त्यानंतर पाणीही घेत नाहीत, मग तू साडेसातला कितीही प्रेमाने बनवलंस तरी ते हात जोडतील. त्यांना साडेचारला बोलव, पहिला घाणा त्यांचाच, तेव्हा जाळीही कोरी असते. कांदा-लसूण-बटाटा-आलं काही नाही, पनीर, सिमला मिरची, कच्ची केळी वाफवून, अननस. माणशी १५० ग्रॅम पनीर धर कारण त्यांना पर्याय कमी असतात. मस्का फिरवायचा ब्रश वेगळा, चिमटा वेगळा, चटणी वेगळी. "धुतलाय हो" म्हणून चालत नाही, मनात शंका राहिली की घास उतरत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. शक्य असेल तर व्हेजची अख्खी सिगडीच वेगळी कर.

उपासवाल्यांना रताळी, माणशी दोन मध्यम, सरळ राखेत पुरून भाज, वरून तूप आणि सैंधव. आणि एकदा फोन करून विचार की त्यांच्याकडे गुरुवारी काय चालतं, प्रत्येक घरचा उपास वेगळा.

प्रश्न : मॅरिनेट केलेलं चिकन उरलं तर फ्रीझरमध्ये टाकता येतं का? (महालक्ष्मीनगर)

उत्तर : ते फ्रीजमधून बाहेर आलंच नसेल तर येतं. टेबलावर दोन तास होतं तर फेकायचं, जीव गेला तरी फेकायचं. म्हणून मी तीन डब्यांत भरते, एक बाहेर, दोन आत, पहिला रिकामा झाला की दुसरा. कच्च्या चिकनच्या भांड्यात खाली उरलेला मसाला भाजलेल्यावर ओतू नका, मी स्वतः लोकांना ओतताना पाहिलंय. आणि चिकन झालं की नाही याची शंका असेल तर हल्ली अन्नाचे थर्मामीटर मिळतात, जाड तुकड्यात खुपसायचं, ७४ डिग्री सेल्सिअस दिसलं की काढा. भाजलेलं उरलं तर रात्रीच फ्रीजमध्ये. उरलेल्या कणसांचे दाणे काढून ठेवा, सकाळी पोह्यात टाकले की वर शेव-जीरावण, पार्टीपेक्षा ते चांगले लागतात.

प्रश्न : पार्टीनंतरच्या कचऱ्याचं काय करायचं? सकाळी गाडीवाला कटकट करतो. (अन्नपूर्णा रोड)

उत्तर : करणारच, २०१७ पासून इतकी वर्षं देशात स्वच्छतेत इंदूरचा पहिला नंबर उगाच नाही आला. हाडं, कणसं, सालं ओल्यात, कागद-प्लास्टिक सुक्यात, आणि त्यासाठी पार्टी सुरू व्हायच्या आधीच दोन मोठे डबे ठेवा, वर मोठ्या अक्षरात लिहून, नंतर निवडत बसणं माणसाचं काम नाही. प्लेटी स्टीलच्या भाड्याने आणा, ३० माणसांना ४५ लागतात कारण प्रत्येक जण अर्धी प्लेट कुठेतरी ठेवून विसरतो. ग्लास माणशी तीन.

राख मात्र लगेच डब्यात टाकायची नाही. वरून थंड वाटते, आत निखारा सकाळपर्यंत जिवंत असतो. आमच्या ह्यांनी रात्री बारा वाजता आवराआवरीच्या उत्साहात ती प्लास्टिकच्या डस्टबिनमध्ये ओतली होती, मी "अहो" म्हणेपर्यंत खालून धूर. पाणी मारून आणि अख्खा दिवस लोखंडी तगारीतच राहू द्या, मग झाडांना घाला. त्या डस्टबिनचं बूडच गेलं, तो आता उलटा करून कढीलिंबाच्या रोपाला आडोसा म्हणून लावलाय, शेळ्या येतात ना.